दगड, दिवा आणि फूल

वसंतात व्याख्यान द्यावयाचे आणि विषय फुलांचा घ्यावयाचा, यात नवल ते काय, असे श्रोत्यांना वाटेल. परंतु आज आम्हांला ज्या फुलांविषयी बोलावयाचे आहे ती बागेतली नव्हेत, की कुणा प्रेयसीच्या अंबाड्यातलीही नव्हेत. रणावर किंवा भर रस्त्यात जे मारले गेले, त्यांच्या नावाने जी फुले वाहिली जातात, ती ही फुले. मराठी कवितेने या फुलांचे काय केले, आणि कवितेने जे केले नाही ते गिरगाव-परळच्या माणसांनी आपल्या रीतीने कसे केले, हे पाहण्याचा विचार आहे.

विषयाचे नाव काढताच शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे युरोपातले तांबडे पॉपीचे फूल उभे राहते. जॉन मॅक्रे नावाच्या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरने १९१५ साली बेल्जियमच्या रणभूमीवर एक छोटी कविता लिहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापून आली आणि इंग्रजी बोलणाऱ्या जगात हे फूल मृत सैनिकाचे फूल ठरले. १९२१ पासून ब्रिटनमध्ये लोक नोव्हेंबर महिन्यात ते कोटाला लावतात. अर्थात खरे नव्हे, कागदाचे किंवा कापडाचे. या साऱ्याच्या मुळाशी एक साधी शेतकी गोष्ट आहे. या रानटी पॉपीचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते, आणि जमीन उकरली जाऊन त्याला उजेड लागला की उगवते. तोफगोळ्यांनी आणि थडग्यांनी तिथली जमीन इतकी उकरली की शेतेच्या शेते तांबडी झाली. म्हणजे ते फूल कवीला शोधावे लागले नाही. मेलेल्यांच्या मातीतूनच ते वर आले. फारसी-उर्दू काव्यातले ‘लाला’चे फूल याच जातकुळीचे. तांबडे, आणि मध्ये काळा डाग असलेले ते फूल हुतात्म्याच्या रक्ताची खूण म्हणून त्या कवितेत शतकानुशतके फुलत आले आहे.

आमच्याकडे हे रूपक रुजले नाही, आणि रुजणार तरी कसे? पुरलेल्या माणसाच्या उशाशी फूल उगवते. जिथे बहुतेकांचा देह चितेवर जातो आणि अस्थी पाण्यात, तिथे मृताची म्हणून जमीनच उरत नाही. उत्तरेकडे हिंदी बोलणारे लोक चितेतून वेचलेल्या अस्थींनाच ‘फूल’ म्हणतात. आपण मराठी माणसे मात्र रोखठोक. आपण राख सावडतो. मुंबईपुरते बोलावयाचे तर पॉपीच्या दुसऱ्या जातीशी, अफूच्या बोंडाशी, या शहराचा घरोबा फार जुना. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जात असे आणि तिच्या पैशावर इथल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. त्या फुलाची आठवण मुंबईने ठेवली ती वहीखात्यात. असो.

मग मराठी माणसाने युद्धात पडलेल्यांचे स्मरण कशाने केले? प्रथम दगडाने. गावोगावच्या वेशीवर आणि देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. त्यांची रचना ठरलेली असते: तळाशी लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि अगदी माथ्यावर कलश. मुंबईच्या हद्दीतच, बोरिवलीच्या एकसर भागात असे वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर चक्क नौकांची लढाई कोरलेली आहे. या दगडांवर हार घेऊन येणाऱ्या आकाशगामी आकृती दिसतात. म्हणजे फूल इथे आहे, पण ते जिवंत माणसाच्या हातात नाही. ते स्वर्गात मिळावयाचे आहे.

दुसरे उदाहरण पानिपतचे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना पोहोचली ती सराफी भाषेतल्या सांकेतिक निरोपाने, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. दोन मोती, काही मोहरा, आणि रुपये-खुर्दा यांची तर गणतीच नाही. इतक्या मोठ्या संहाराचे रूपक शोधताना त्या माणसाला फूल आठवले नाही, हिशेब आठवला! त्या हिशेबातली एक गोष्ट आम्हांला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो. मोत्यांना नावे होती, विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. खुर्द्याला नाव नव्हते.

आता आधुनिक कवितेकडे येऊ. मॅक्रेने आपली कविता लिहिली त्याच सुमारास मराठीत फुलांच्या कवितेला बहर आलेला होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांना तर आपण फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखतो. बालकवींच्या ‘फुलराणी’ने पिढ्या वेडावल्या. बालकवी १९१८ साली गेले, टिळक आणि गोविंदाग्रज १९१९ साली. ज्या वर्षांत ही मंडळी लिहीत होती त्याच वर्षांत मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. कूत येथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेचे नावच मुळी सहावी पुणे डिव्हिजन. पण फुलांची कविता आणि त्या पलटणींचे दुःख यांची गाठ काही पडली नाही. आमच्या मते याचे कारण कवींच्या प्रतिभेत नाही, समाजाच्या घडणीत आहे. कविता लिहिणारी घरे वेगळी होती आणि मुलगे पलटणीत धाडणारी घरे वेगळी होती. इंग्लंडात त्या युद्धाने कॉलेजातली पोरेच खंदकात नेली, म्हणून तिथला कवी आणि तिथला सैनिक हा पुष्कळदा एकच माणूस होता. आमच्याकडे सैनिकाचे दुःख जात्यावरच्या ओवीत राहिले, छापखान्यापर्यंत आले नाही.

एका कवीच्या बाबतीत मात्र फूल आणि मरण यांची गाठ फार घट्ट पडली. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि ती कविता छापल्याबद्दल झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वेळी विनायकराव सावरकरांनी लंडनहून आपल्या वहिनींना, येसूवहिनींना, ‘सांत्वन’ ही कविता धाडली. तीत गजेंद्रमोक्षाच्या कथेतले कमळ येते. बागेत पुष्कळ फुले उमलतात आणि सुकतात. गजेंद्राने सोंडेने खुडून श्रीहरीला वाहिले तेवढे अमर होते, असा त्या दृष्टान्ताचा भाव आहे. मॅक्रेच्या फुलाशी हे ताडून पाहावे. तिथे मृताच्या मातीतून फूल उगवते. इथे मरणारा स्वतःच फूल आहे आणि ते खुडले जाण्यातच त्याचे सार्थक आहे. रूपक तेजस्वी आहे यात शंका नाही. तथापि ते ज्या स्त्रीला उद्देशून लिहिले तिच्याकडे पाहिले म्हणजे मनात एक कळ उठते. बाग तिची होती आणि फुले तिच्या घरातली खुडली जात होती. येसूवहिनींना पतीचे पुन्हा दर्शन झालेच नाही. बाबाराव अंदमानात असतानाच त्या वारल्या.

‘हुतात्मा’ हा शब्द मराठीत रूढ करण्याचे श्रेयही सावरकरांकडेच जाते. पण या शब्दात फूल नाही, अग्नी आहे. हुत म्हणजे होमात टाकलेले. पुढल्या पिढीच्या दोन मोठ्या कवींनी अज्ञात वीरांवर लिहिले तेव्हाही त्यांना दिवा आणि दगडच आठवले. कुसुमाग्रजांच्या ‘अनामवीरा’ या कवितेत आणि बा. भ. बोरकरांच्या ‘तेथे कर माझे जुळती’ मध्ये, दोन्हीकडे खंत आहे ती स्मारकाच्या खांबाची किंवा दगडाची आणि त्यापुढल्या दिव्याची. आपल्या धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून ज्याने टोपणनाव घेतले, ज्याच्या नावातच फूल आहे, त्या कवीने अनाम सैनिकासाठी फूल मागू नये, ही मौजेची गोष्ट खरी. पण ती अपघाताची नव्हे. दगड आणि दिवा यांचे नसणे डोळ्यांना दिसते. फुलाचे तसे नाही. काल वाहिलेले फूल आज नसतेच. त्याचे नसणे ही तक्रार होऊ शकत नाही.

इथून आता मुंबईच्या रस्त्यावर उतरू. फोर्टात, जुन्या कोटाचा चर्चगेट दरवाजा होता त्या जागी, कोट पाडल्यावर १८६४ साली एक कारंजे उभे राहिले. ते बांधविले शेती आणि बागांच्या कामासाठी स्थापन झालेल्या अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीने. मूळ बेत ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसविण्याचा होता. आराखडा नॉर्मन शॉचा, मूर्तिकाम जेम्स फोर्साइथचे, दगड विलायतेहून आणलेला पोर्टलंडचा. खर्च आला ४७,००० रुपये आणि त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. माथ्यावर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. लढाईसाठी बांधलेल्या कोटाच्या वेशीवर फुलांची देवी बसली, आणि एक्क्याण्णव वर्षे तिच्या पायाशी ट्रामगाड्या, बग्ग्या आणि कारकून यांच्यावाचून काही घडले नाही असे म्हटले तरी चालेल.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी विधानसभेकडे निघालेला कामगारांचा मोर्चा या देवीपाशी अडवला गेला आणि पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा होताच गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत चाळीचाळींतून लोक बाहेर पडले आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. लोकांच्या तोंडी १०५ हा आकडा बसला. पुढे यादीत भर पडून तो १०६ आणि १०७ असा सांगितला जाऊ लागला. यांत मुंबईबाहेरचेही काही आहेत. फुलांच्या देवीच्या पायाशी रक्त सांडले, हा योगायोग एखाद्या कवीला सहज मोहात पाडील. आम्हांला त्यात काव्य फारसे दिसत नाही. मोर्च्यातल्या कित्येकांना ती बाई कोण हे ठाऊकही नसेल, आणि असण्याचे कारणही नव्हते.

राज्य झाले १ मे १९६० रोजी. त्यानंतर त्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले आणि कारंज्याशेजारी स्मारक झाले. एक शेतकरी, एक कामगार आणि दोघांनी मिळून धरलेली मशाल. पुन्हा दगड, पुन्हा दिवा! शिल्पकाराने आणि सरकारने नकळत कवींचीच वाट धरली. मग फूल कुठे गेले? फूल लोकांच्या हातात राहिले. दर १ मे आणि २१ नोव्हेंबरला ते तिथे येते आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य होऊन जाते.

या फुलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सरकारी माणूस वाहतो ते पुष्पचक्र. हा शब्दही नवा आणि वस्तूही बाहेरची. आपली वस्तू म्हणजे हार, आणि हाराला गळा लागतो. मूर्ती असो, नवरदेव असो, पुढारी असो, भिंतीवरचा फोटो असो, हार घालायला कोणाचा तरी चेहरा हवा. ज्यांचे फोटो कधी काढलेच गेले नाहीत अशा माणसांपुढे आपली जुनी रीत अडखळते. म्हणून चक्र जमिनीवर टेकवावे लागते. मशीद बंदरला खलाशांच्या गृहात १९१४–१८ च्या युद्धातले एक स्मारक आहे. समुद्रावाचून ज्यांना दुसरी समाधी मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे ते स्मारक. त्या काळी बोटीवर जाणाऱ्यांत रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ असत. त्यांना कोणत्या गळ्यात हार घालणार?

उलट जिथे चेहरा होता तिथे लोकांनी हार घातला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा होऊन बाबू गेनू गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार. पानिपतच्या हिशेबाने पाहिले तर तो खुर्दाच. पण या खुर्द्याला नाव मिळाले, रस्ता मिळाला आणि हारही मिळाला. मुंबईच्या स्मरणाचा इतिहास लिहावयाचा तर इथे थांबून एक रेघ ओढावी लागेल. त्या पलीकडे मोती होते, अलीकडे खुर्दा बोलू लागला.

हार बहुतेक वेळा झेंडूचा. हा झेंडू मूळचा इथला नव्हे. अमेरिका खंडातून, मेक्सिकोकडून, तो पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आला. म्हणून ज्ञानेश्वरांना मोगरा आहे, झेंडू नाही. मेक्सिकोत मात्र तो अजूनही मृतांचे फूल आहे. नोव्हेंबरच्या आरंभी तिथले लोक पितरांसाठी त्याच्या पाकळ्या अंथरतात. इकडे येताच त्याचे सोवळे-ओवळे सुटले. दसऱ्याला दाराचे तोरण तो, खंडेनवमीला गिरणीतल्या साच्यांवरचा हार तो, लग्नाच्या मांडवात तो आणि तिरडीवरही तोच. शिष्ट कवितेने त्याला कधी पाटावर बसविले नाही. १९२५ साली ‘केशवकुमारां’नी विडंबनांचा संग्रह काढला त्याला ‘झेंडूची फुले’ असे नाव दिले, यातच त्याची पायरी कळते. गुलाब-मोगऱ्याची टिंगल करावयाची तर झेंडू हवा. हेच केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे, पुढे ‘मराठा’ पत्रातून ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा लढा घरोघर नेला!

पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या सुमारास दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने सुचविले की, पॉपीच्या जागी भारतीय सैनिकाच्या स्मरणासाठी झेंडू घ्यावा. सूचना आम्हांला आवडली. पण तीत एक अडचण आहे आणि ती झेंडूच्या भलेपणाचीच आहे. पॉपी कोटाला दिसली की प्रश्न उरत नाही. झेंडू दिसला तर इथे लग्न आहे, की सत्यनारायण, की कोणी गेले, हे विचारावे लागते. जे फूल सगळ्यांचे आहे ते एकट्याने बातमी देऊ शकत नाही. त्याच्या जोडीला शब्द लागतो, आणि तो शब्द पुरविण्याचे काम आमच्या फुलांच्या कवींनी केले नाही. ते शाहिरांनी केले. अमर शेख, गवाणकर, अण्णाभाऊ साठे यांनी डफ हाती घेतला तेव्हा कामगार मैदानात आणि शिवाजी पार्कवर बसलेल्या माणसांना आपले मेलेले आपल्या बोलीत ऐकू आले.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ घ्या. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको. त्या ताटातुटीत शाहिराने बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची महाराष्ट्रापासून झालेली ताटातूट गुंफली. लोकांनी रूपकाला टाळ्या दिल्या आणि योग्यच केले. परंतु रूपक बाजूला ठेवून नुसता वाच्यार्थ घेतला तरी त्यात गिरणगावाचे सगळे वर्तमान आहे. लालबाग-परळच्या खोल्यांतून दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी राहत, खाणावळीत जेवत, आणि कित्येकांच्या बायका साताऱ्याला, कोकणात, घाटावर शेत आणि सासू-सासरे सांभाळीत. गोळी लागे ती मुंबईत. तार जाई ती गावी.

आणि इथे फुलाचा एक असा अर्थ येतो की त्यापुढे पॉपी काय आणि कमळ काय, दोन्ही मागे पडतात. आपल्या रीतीप्रमाणे सवाष्ण गेली तर तिची ओटी भरतात, तिला हळदकुंकू लावतात, केसांत फूल माळतात. नवरा गेला तर बायकोच्या केसांतले फूल त्या दिवसापासून जाते. जात्यावरच्या ओव्यांतून बायांनी अहेवपणी मरण मागितले आहे ते उगाच नव्हे. एकाच घरात, एकाच दिवशी, एका फोटोला हार चढतो आणि एका डोक्यावरची वेणी उतरते. पहिली गोष्ट सर्वांना दिसते, तिचा सोहळा होतो, तिच्यावर भाषणे होतात. दुसरी कोणी मोठ्याने बोलत नाही. युद्धाचे आणि वियोगाचे खरे मराठी फूल कोणते, असे आम्हांला विचाराल तर आम्ही म्हणू, ही न माळलेली वेणी. युरोपच्या कवीला आठवण देण्यासाठी फूल लागले. इथे फूल नाही हीच आठवण, आणि ती वर्षातून एक दिवस कोटाला लावून उतरविता येत नाही. फुलाचे नसणे ही तक्रार होऊ शकत नाही, असे आम्ही वर म्हटले ते दगडापुढच्या फुलाविषयी. बाईच्या केसांतल्या फुलाला ते लागू नाही.

आता गिरणगावात गिरण्या राहिल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर भोंगे एकेक करून बंद पडले, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि तिथल्या माणसांची मुले डोंबिवली-बदलापूरकडे पांगली. फ्लोराच्या कारंज्याची डागडुजी होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले. दादरच्या फूलबाजारात पहाटे टोपल्या उतरतात त्या तशाच उतरतात. झेंडू तिथे किलोवर मिळतो, घेणारा तो कशासाठी नेतो हे विकणारी बाई विचारीत नाही, आणि हुतात्मा चौकातली फुले काय किंवा मांडवातली काय, एकाच ढिगातून उचललेली असू शकतात. वेणी मात्र घेणारी बाई कोण आहे, हे पाहणाऱ्यांच्या नजरा अजून शिल्लक आहेत.

त्या नजरांवर एक जाहीर घाव पडला तो मुंबईत नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद कराव्यात. राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरविण्यास सांगितले. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला तेव्हा सहासष्ट वर्षे होऊन गेली होती.